मशेरीच्या डबीतलं रक्त

कालपासून तापानं फणफणलेल्या भागीबाईंना सून द्वारका जवळच्या लॅबमध्ये घेऊन आली. डेंग्यू असेल तर आजच्या तपासणीतच कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते. लॅबवाल्या मोहिनीनं सुई उचलली. "घाबरू नका आजी, मुंगी चावल्यासारखं वाटेल." भागीबाईंनी कमरेची मशेरीची डबी काढून टेबलावर ठेवली. "सुई नको. रक्त घरूनच आणलंय." "कुणी काढलं?" "आत डास हाय, त्यानं. चावतानाच जित्ता धरलाय. पोट बघ त्याचं, टम्म फुगलंय!" मोहिनीनं हसत झाकण उघडलं. डास उडाला आणि तिच्याच मनगटाला चावला. तिनं फाडकन मारला. मनगटावर रक्ताचा डाग उरला. भागीबाई वाकून बघत म्हणाल्या, "आता यातलं माझं कुठलं न् तुझं कुठलं? दोघींचं तपासावं लागंल. आधी तुझं काढ." मोहिनीनं हळूच बाही खाली ओढली. "घाबरू नको पोरी, मुंगी चावल्यागत वाटतं."