नांगराची जागा

"त्याला म्हणावं, ब्रेकचे दिवे लागतात का बघ," थोरला म्हणाला.

वहिनी दोघांच्या मधे उभी होती. तिने मान वळवली. "भावोजी, हे म्हणतात, ब्रेकचे दिवे बघा."

"ऐकू येतं मला," धाकटा पिकअपच्या खिडकीतून म्हणाला. "म्हणावं, लागतात."

"लागतात म्हणे. आणि आता माझं ऐका. दोन हातांवर उभे आहात, तरी माझ्यामार्फत बोलताय. मी काय टपालखातं आहे? तेसुद्धा रविवारी बंद असतं!"

दोघांपैकी कुणीच हसलं नाही. हसू मात्र दोघांच्याही ओठांपर्यंत येऊन गेलं.

वडील गेल्यावर वाटणी झाली होती. नावा बांधायची शेड थोरल्याला, त्या ओढून न्यायची पिकअप धाकट्याला. वाटणी सरळ झाली, शब्द वाकडा गेला. "फाटकाबाहेर गेलास तर परत आत येऊ नकोस," थोरला रागाच्या भरात बोलला. धाकट्याने तो शब्द सात वर्षं एखाद्या व्रतासारखा पाळला. आजही तो आला होता तो भाऊ म्हणून नव्हे. शेडमधली शेवटची नाव विकली गेली होती, आणि ती धक्क्यावर पोचवायला गिऱ्हाइकाने त्याला बोलावलं होतं. उद्या शेडला कुलूप लागणार होतं. थोरला आणि वहिनी लांब, लेकीच्या गावी कायमचे राहायला निघाले होते.

रुसलेलं मन मोठं चमत्कारिक. ज्या दाराकडे पाठ करून बसतं, त्याच दाराला कान लावून बसतं.

सगळं काम थोरल्यानेच केलं. नाव ट्रेलरवर चढवली, पट्टे आवळले, वर ताडपत्री बांधली. ट्रेलरचा दांडा पिकअपच्या हुकावर बसवला, साखळ्या अडकवल्या. एरवी धाकटा निघण्याआधी तो दांडा एकदा हाताने उचलून भार अजमावत असे. आज त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. ज्या हातांनी आपल्याला पहिली गाठ मारायला शिकवली, त्यांची परीक्षा घ्यायची?

इंजिन सुरू करून तो उगाच थांबला. आरसा पुसला. पुसलेला आरसा पुन्हा पुसला. एक शब्द, फक्त एक. "नीट जा" म्हटलं असतं तरी त्याचं पोट भरलं असतं. थोरल्याने नावेच्या अंगावर दोनदा थाप मारली. निघ, एवढाच तिचा अर्थ.

पहिल्या वळणावर मागून हलका धक्का जाणवला. रस्ता खराब असेल, तो मनाशी म्हणाला. दुसऱ्या वळणावर ट्रेलर डावी-उजवीकडे डुलला. वारा असेल. झाडाचं पान हलत नव्हतं, तरी तो वाराच म्हणाला. तिसऱ्या वळणावर अख्खी पिकअप मागून ढकलल्यासारखी हलली. तेव्हा मात्र त्याने वेग कमी केला, मोकळी जागा पाहून गाडी कडेला घेतली आणि ताडपत्री सोडली.

नांगर, त्याची साखळी, डिझेलचे दोन भरलेले कॅन, सगळं नावेच्या मागच्या टोकाला होतं.

तो बघतच राहिला. भार नेहमी पुढे ठेवायचा. मागे जड झालं की ट्रेलर शेपटीसारखा हलतो, आणि मग शेपूटच गाडी चालवायला लागते. हे त्याला दहाव्या वर्षी दादानेच शिकवलं होतं. नवख्या हमालानेही ही चूक केली नसती. आधी त्याला राग आला. मग राग ओसरला. दादा विसरायला लागला. सात वर्षांत आपण एकदाही बघितलं नाही, आणि दादा म्हातारा झाला.

नांगर पुढे सरकवणं हे दहा मिनिटांचं काम होतं. पण वडिलांची रीत होती, ज्याने भार चढवला त्यानेच तो हलवायचा. गाडी चालवणाऱ्याने हात लावायचा नाही. काही सुटलं, पडलं तर दोघांत वाद नको. वाद मिटवायला केलेली रीत! ती आठवून त्याला हसू आलं आणि डोळेही भरले. एवढ्या मोठ्या कारागिराला त्याची चूक कोणत्या तोंडाने सांगायची? "बघ जरा, गाठ सैल वाटते," असंच काहीतरी म्हणू, त्याने ठरवलं. चूक मी केली म्हणू. मोकळ्या जागेत त्याने गाडी वळवली आणि बैलगाडीच्या चालीने परत निघाला.

फाटक सताड उघडं होतं. वहिनी पायरीवर बसली होती, आणि तिने तोंडाला पदर लावला होता. रडत असेल असं त्याला वाटलं. जवळ गेल्यावर कळलं, ती हसत होती. थोरला अंगणाच्या मधोमध उभा होता. हातमोजे घातलेले, आणि चाकांना लावायचे लाकडी ठोकळे दोन्ही हातांत तयार.

धाकटा खाली उतरला. "दादा, ती गाठ जरा..." त्याने सुरुवात केली.

थोरल्याने ठोकळे चाकाखाली सारले आणि सात वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "एवढा वेळ लावलास होय रे? मी तर पहिल्याच वळणावरून परतशील असं धरलं होतं."