पिठावरची खूण

टोपली उचलायला सगळे जमले होते, पण हात कुणी घालत नव्हतं.

येसूबाईनं जिथं जीव सोडला त्याच जागी, काल बाराव्याच्या संध्याकाळी परातीत तांदळाचं पीठ पसरून ठेवलं होतं. शेजारी पणती, वर बांबूची टोपली. गेलेला जीव रात्री येऊन जातो आणि पिठावर काहीतरी उमटतं, असं गावात मानतात. पाखराचा पाय दिसला तर पाखराच्या जन्माला गेला, खूर दिसला तर गुराच्या.

"आनि कायच उमटला नसला तं?" बुधाजीनं विचारलं. कालपासून तिसऱ्यांदा.

"तं मागं न बघता गेली म्हनायचा," नीराबाई म्हणाली. ती शेजारची. गावातल्या कुणाचंही पीठ वाचायला तिलाच बोलवत, आणि कुणाचं मन राखायची सवय तिला नव्हती.

बुधाजीचं दुखणं घरात सगळ्यांना पाठ झालं होतं. येसूबाईला रेवदंड्याला भावाकडं जायचं होतं, महिनाभर मागं लागली होती. त्या दिवशीही तिनं विषय काढला तेव्हा हा मॅच बघत होता. म्हणाला, "उद्या बघू." ती म्हणाली, "आता मी न्हाय सांगनार तुमाला." आणि खरंच नाही सांगितलं. रात्री जेवून झोपली ती सकाळी उठलीच नाही. बायको गेली हे त्याला कसंबसं सोसत होतं, पण ती रागात गेली हे सोसत नव्हतं. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला तो तेवढंच सांगायचा. लोक म्हणायचे, असं काही नसतं. लोकांना काय, ते चहा पिऊन घरी जायचे.

"भक्ती, उचल गो," नीराबाई म्हणाली.

सुनेनं टोपली उचलली. नात रुचिका मोबाईल घेऊन वाकली, आत्याला फोटो पाठवायचा होता.

पिठावर तीन रेघा होत्या. शेजारी शेजारी, खाली ओढलेल्या.

"कावला," नीराबाईनं लगेच निकाल दिला. "कावल्याच्या जन्माला गेली."

"कावळा कसला? मागचं बोट कुठंय?" रुचिका ओरडलीच. "ही आजीची डब्यावरची खूण आहे!"

ती खूण घरात कोण ओळखणार नाही? येसूबाई तरुणपणी मिठागरावर कामाला जायची. तिथं संध्याकाळी मिठाच्या राशींवर खुणा करून ठेवत. रात्री कुणी मीठ उपसलं तर सकाळी खूण मोडलेली दिसे. पुढं मिठागर बुजवून तिथं कंटेनरचं यार्ड झालं, हिची सवय मात्र तशीच राहिली. तांदूळ, पीठ, साखर, मसाला, कुठलाही डबा बंद करताना आत तीन बोटं ओढायची. घरात चोर तसा एकच होता. डॉक्टरनं साखर बंद केल्यापासून बुधाजी दुपारी सगळे निजले की चमचाभर साखर तोंडात टाकायचा आणि वर तीन रेघा ओढून ठेवायचा. दर वेळी सापडायचा. फार वर्षांपूर्वी लॉरीच्या फाळक्यात येसूबाईच्या मधल्या बोटाचं टोक गेलं होतं, त्यामुळं तिची मधली रेघ आखूड यायची. चोरीच्या घाईत हे त्याच्या ध्यानातच राहायचं नाही. "चोरी कराला पन अक्कल लागते," ती म्हणायची, तासभर तोंडाचा पट्टा चालवायची आणि मग बिनसाखरेचा चहा आणून समोर आदळायची.

बुधाजीनं चष्मा लावला आणि परातीवर वाकला.

तिन्ही रेघा सारख्या होत्या.

त्यानं वर पाहिलं. भक्ती टोपली पोटाशी धरून उभी होती, नजर जमिनीकडं. सकाळच्या भाकऱ्या अजून व्हायच्या होत्या, तरी तिच्या बोटांना पीठ होतं.

"आजीचीच ना हो, आजोबा?" रुचिकानं विचारलं.

बुधाजीचे डोळे भरून आले.

"तिचीच," तो म्हणाला. "दुसऱ्या कुनाची असनार?"

"मंग झाला तं," नीराबाईनं कावळा मुकाट्यानं मागं घेतला. "रागात गेलेली बाई पीठ कशाला सांभालीत बसंल?"

मंडळी पांगली. रुचिका फोटो पाठवत बाहेरच्या ओट्यावर गेली. बुधाजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. भक्ती चुलीवर चहा ठेवत होती.

"पीठ कोरा होता ना?"

तिनं मागं वळून पाहिलं नाही. "व्हय, बाबा."

"असू दे."

"तुमी रोज रोज तेच बोलायचात, मला बघवत नव्हतं."

"रागावली असंल तं असंल," बुधाजी म्हणाला. "रोज दुपारी रागवायची. आनि वर चहा पन द्यायची." तो दाराशीच पाटावर टेकला. "तू साखरेच्या डब्याला खूण करून ठेव. घरात चोर हाय."

भक्तीनं हसत, डोळे पुसत डबा उघडला. साखरेवर तीन बोटं टेकवली.

"मधला बोट जरा दुमड," बुधाजी म्हणाला. "ती आखूड वडायची."

भक्तीनं बोट दुमडलं, रेघा ओढल्या आणि डबा तिरका करून त्याला दाखवला. त्यानं चष्म्यातून नीट बघून मान हलवली. मग तिनं झाकण घट्ट लावलं, डबा वरच्या फळीवर ठेवला आणि चहा गाळून त्याच्यापुढं सरकवला.

बुधाजीनं एक घोट घेतला. बिनसाखरेचा होता.