पाच चिठ्ठ्या

पहिली चिठ्ठी निघाली, ‘धाकटी’. पाहणीला आलेल्या ताईंनी फॉर्मवर नोंद केली आणि डब्यातून दुसरी उचलली. तीही ‘धाकटी’.

घरोघर जाऊन कुणाला ऑपरेशनची गरज आहे, याची ताई पाहणी करत होत्या. पद्धत सोपी. घरातल्या प्रत्येकाने स्वतःच्या नावाची चिठ्ठी लिहायची, त्यातल्या दोन काढायच्या आणि त्या दोघांनाच प्रश्न विचारायचे. चिठ्ठ्या लोकांनीच लिहिल्या की वशिल्याचा संशय येत नाही, हा ताईंचा अनुभव. त्या अनुभवाने आज त्यांना तोंडघशी पाडलं होतं.

त्यांनी डबा पालथा केला. आणखी दोन ‘धाकटी’ निघाल्या. अक्षर प्रत्येकाचं वेगळं, आजीचं तर पार थरथरलेलं. पाचवी चिठ्ठी धाकटीने डाव्या हाताने लिहिली होती. उजव्याची बोटं लहानपणी भाजल्यापासून तळव्याला चिकटली होती. तिने लिहिलं होतं, ‘बाबा’.

“हे काय चालवलंय?” ताई वैतागल्या.

“गल्लीत सगळे म्हणतायत, चिठ्ठी लागली की ऑपरेशन फुकट,” बाबा उठत म्हणाले. उठताना त्यांनी जांघेतला फुगवटा सवयीने हाताने दाबून धरला. “माझं काय, ढकलतोय कसंबसं. हिचं अख्खं आयुष्य पडलंय.”

ताईंचा राग कुठल्या कुठे पळाला. “अहो, मघाशी सांगितलं ना, ही नुसती मोजणी आहे. यातून आत्ता कुणाचंच ऑपरेशन होणार नाही.”

आजीने धाकटीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. ताईंना भयंकर वाईट वाटलं.

पण नियम तो नियम. त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाच नवीन चिठ्ठ्या लिहिल्या. आई निघाली आणि थोरली. दोन्ही चिठ्ठ्या गुपचूप परत टाकाव्यात, असं ताईंच्या मनात येऊन गेलं. तसं केलं असतं तर सगळ्याच मोजणीवर पाणी पडलं असतं.

“कुठे गाठ, सूज, जुनी जखम?” त्यांनी आईला विचारलं.

“मला?” आईने बाबांकडे पाहिलं, मग धाकटीकडे. “मी ठणठणीत आहे हो,” ती चोरी पकडल्यासारखी म्हणाली.

थोरलीही ठणठणीत होती.

ताईंनी शेवटचा रकाना भरला. ऑपरेशनची गरज असलेल्या व्यक्ती : शून्य.