जमिनीवरची नोकरी

"बोलायचा एवढा काय त्रास आहे रे तुला?" मॅनेजरनं विचारलं. "पगार जवळजवळ दुप्पट. गाव तुझं, माणसं तुझी. नव्या पवनचक्क्यांसाठी जमिनी मिळवायच्या, बस."

अमरदीपनं मान खाली घातली. भूम तालुक्यातल्या माळावरच्या पवनचक्क्या दुरुस्त करायचा तो. वर चढलं की दिवसभर वारा आणि तो. कुणाशी बोलावं लागत नसे, म्हणून तर त्यानं हे काम धरलं होतं.

घरी त्याची बायको प्रीती म्हणाली, "अहो, जगात गोड बोलण्याचेच पैसे मिळतात. शिका की जरा."

त्यानं होकार कळवला.

पहिलं घर सिताबाईचं. म्हातारी ओट्यावर तूर पाखडत होती. अमरदीप बसला, पाणी प्याला. पाठ करून आणलेलं पहिलं वाक्यच आठवेना. बराच वेळ नुसता सुपाचा आवाज होत राहिला.

शेवटी तीच म्हणाली, "आधीचा साहेब लई बोलायचा. मावशी म्हणायचा, पाया पडायचा. त्याचं बोलणं सरायचंच न्हाय, मग म्या इचारू कधी? तू गप बसलायस, तर तुलाच इचारते. खरं सांग. तुझं रान असतं तर दिलं असतंस?"

कंपनीला तिचं विहिरीलगतचं रान हवं होतं. अमरदीपला नवा पगार आठवला. प्रीती आठवली.

"पडीक असतं तर दिलं असतं, मावशी," तो म्हणाला. "विहिरीजवळचं न्हाय."

सिताबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं आणि पुन्हा सूप उचललं.

संध्याकाळी त्यानं हे सांगितल्यावर मॅनेजरनं कपाळाला हात लावला. "उद्यापासून तू आपला वरच जा बाबा. जुन्याच पगारावर." प्रीतीनं सगळं ऐकून घेतलं आणि ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर त्याचा फोन वाजला. खालचा रखवालदार होता.

"सिताबाई आलीय, संगं चार-पाच शेतकरी हायेत. जमिनीचं इचारायचंय म्हणतात."

"मॅनेजरसाहेबांकडं पाठव की."

"साहेब इथंच उभे हायेत. त्यांच्याशी न्हाय म्हणतात. वरचा माणूस खाली येऊ दे, आमी थांबतो म्हणतात."

अमरदीपनं वाकून पाहिलं. पवनचक्कीच्या सावलीत माणसं निवांत मांडी घालून बसली होती. त्यानं घट्टच असलेला एक नट उगाच पुन्हा आवळला. मग शिडीवर पाय ठेवला.