कायमचा पत्ता

राजाच्या अधिकाऱ्याने आमच्या जंगलात तंबू ठोकून फर्मान वाचलं: ज्या जमातीत एकाचाही कायमचा पत्ता नाही, तिचं जंगल राजाचं. आम्ही पानांच्या केसांची माणसं जन्मभर भटकतो. पायांत वहाणा असतात, कारण अनवाणी पाऊल मातीला लागलं की मुळं फुटतात आणि चालणं कायमचं संपतं. म्हणून त्या आम्ही मरणाच्या दारातच काढतो. पत्ते नोंदवायच्या रांगेत पहिली माझी आजी, ओरुमा, होती. अधिकाऱ्याने मान वर न करता विचारलं, "पत्ता?" "देते की," म्हणत आजीने वहाणा काढून त्याच्या कागदांवर ठेवल्या. "आजी, नदीपलीकडे तुझ्या नातीचं लग्न आहे!" मी ओरडलो. "मग वरात इकडे आण, मेल्या. तुला पाय आहेत ना?" तिच्या टाचांखालची माती चिरली. "लिहा," ती अधिकाऱ्याला म्हणाली, "आणि तंबू लवकर काढा, साहेब. आमच्या घराण्यात फांद्या भराभर फुटतात."