सरकार बांधील नाही

"पोतं गेलं ते गेलं. सरकार त्याला बांधील नाही," कुलूपकाकांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. कैद्याचं सामान हरवल्यास सरकारवर दावा लागत नाही, असं तिच्यावर ठळक लिहिलं होतं. तुरुंगाची सामानखोली उभा जन्म सांभाळणाऱ्या काकांचा त्या कायद्यावर देवापेक्षा जास्त विश्वास होता.

समोर पहिलवान उभा होता. अंगात हाडांखेरीज फारसं काही नव्हतं, म्हणूनच सगळे त्याला पहिलवान म्हणत. पाण्यावरून शेजाऱ्याचं डोकं फोडून तो आत आला होता आणि आज सुटत होता. बायको फाटकाबाहेर येऊन थांबली होती. आता फक्त तुरुंगाचे कपडे परत करून स्वतःचे घालायचे होते. पण छप्पर गळायला लागल्यावर सामान इकडचं तिकडे हलवलं, त्यात त्याचं पोतं गडप झालं होतं.

"होतं तरी काय त्यात?" काकांनी विचारलं. विचारणं भागच होतं. यादी हरवू नये म्हणून ती सामानाबरोबर पोत्यातच ठेवायची, ही काकांचीच नामी युक्ती.

पहिलवानाने डोळे मिटले. "सूट होता काका. करड्या रंगाचा. आतून रेशमी अस्तर. घातला की अनोळखी माणसंसुद्धा साहेब म्हणायची हो!" हे त्याने असं सांगितलं की दारातला शिपाईही हळहळला.

"वाईट वाटतं रे. पण दावा नाही लागत."

"मी कुठे दावा लावतोय? मी आपला इथेच बसतो. उघडा कसा जाऊ?" असं म्हणून त्याने स्टुलावर बैठक मारलीसुद्धा.

तेवढ्यात अधीक्षकसाहेब आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. तुरुंगाचे कपडे फाटकाबाहेर जाता कामा नयेत, आणि सुटलेला माणूस फाटकाच्या आत राहता कामा नये. दोन्ही नियम तितकेच कडक.

"काका, सामान हरवलं तर दावा लागत नाही. माणूस ठेवून घेतला तर लागतो. आज संध्याकाळी तुमच्या निरोपसमारंभात मी तुमचं कौतुक करायचं की चौकशी लावायची, ते तुम्हीच ठरवा," एवढं बोलून ते निघून गेले.

काकांचा हा नोकरीचा शेवटचा दिवस, आणि आजवर नावाला डाग नव्हता. तुरुंग गावाबाहेर, जवळ दुकान म्हणावं तर एका पंक्चरवाल्याचं. अंगावरचा गणवेश द्यावा, तर कैदी शिपायाच्या वेशात बाहेर पडला म्हणून बोंब व्हायची. राहिला एकच कपडा. तो त्यांच्या पाठीमागे खिळ्याला टांगला होता. समारंभासाठी मुलीने हौसेने शिवून घेतलेला निळा सूट. काकांच्या आयुष्यातला पहिलाच. अजून एकदाही अंगाला लागला नव्हता.

काकांनी तो खाली काढला, दोनदा हात फिरवला आणि तोंड फिरवून पुढे केला.

पहिलवानाने तो घातला. खांदे ओघळले, पण बाकी ठीक बसला. "माझा जरा बरा होता," तो म्हणाला, "पण चालेल."

तो गेला आणि काकांना रडू फुटलं. पण जीव कसा हलकाही वाटला. सरकार देत नाही ते आपण दिलं, जाता जाता एक तरी हरवलेली वस्तू भरून दिली, या समाधानात डोळे पुसत ते खिडकीशी आले. फाटकाबाहेर पहिलवानाची बायको नवऱ्याकडे बघतच राहिली होती.

"अगं बाई! हा सूट कुणाचा? तुम्हाला पकडून नेलं तेव्हा तर अंगावर नुसता टॉवेल होता!"

"तो हरवला त्यांच्याकडून," कोटाची बाही झटकत पहिलवान म्हणाला. "पण जाऊ दे. एका टॉवेलसाठी सरकारशी कोण भांडत बसतं!"