जिन्यातले बाबा

कथालेखनाच्या परीक्षेचा सराव घेताना बाईंचा एकच धोशा, “शेवट नाही, तर मार्क नाहीत!” टेबलावरच्या घड्याळाचा गजर झाला की पेनं खाली. बाकीचे कसाबसा शेवट उरकायचे. खिडकीजवळच्या मुलीची गोष्ट मात्र दरवेळी अर्धवट. विषय कुठलाही असो, तिचे बाबा कामावरून परतायचे, जिन्यात बुटाची नाडी बांधायला थांबायचे, शेजाऱ्यांशी बोलत राहायचे, आणि दारापाशी पोचायच्या आत गजर व्हायचा. आज बाईंचा पारा चढला. घड्याळ घेऊन त्या तिच्या डोक्यावरच उभ्या राहिल्या. “पुरे झालं पाल्हाळ! आज बाबांना घरी पोचव.” मुलीने मान न उचलता लिहिलं, ‘चौघांनी बाबांना उचलून वर आणलं. आईने तोंडावरची चादर बाजूला केली.’ बाईंच्या हातातलं घड्याळ टिकटिकत राहिलं. पेन ठेवून तिने विचारलं, “बाई, झाला शेवट. आता उरलेल्या वेळात काय करू?”